खालून कापलेल्या अकरा ओळी

वहिनी,

तुझ्या निधनाची बातमी मीच लिहिली. सात ओळी झाल्या. नाव, वय, गाव, मागे कोण, अंत्यसंस्कार कुठे. दोनदा तपासून अमरावतीच्या पानासाठी पाठवली. तिच्यात एकही चूक नाही, म्हणून ते सगळं इथे पुन्हा लिहीत नाही. इथे लिहायचं आहे ते कुठल्याच बातमीत आलेलं नाही. तेरा वर्षं मी ते येऊ दिलं नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तू ज्या आजाराने गेलीस, त्याचा तेरा वर्षांपूर्वीच्या त्या तीन आठवड्यांशी काही संबंध नाही. मी डॉक्टरांना विचारलं होतं. तू आत होतीस, मी बाहेरच्या बाकाशी उभी राहून हे विचारत होते. ते "नाही" म्हणाले आणि मला बरं वाटलं. तुझी तब्येत त्या दिवशी जास्तच बिघडलेली होती, तरी मला बरं वाटलं.

तू माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तरी मी तुला अगं म्हणायचे आणि तू मला अहो. "मीनाताई, तुमी" असं. मी घरची लेक आणि तू सून, एवढंच त्याचं कारण. एकदा मी म्हटलं होतं, मला तू म्हणत जा. तू म्हणालीस, "म्हणते न. पयले तुमच्या आईले इचारून या." मी विचारलं नाही.

तुझी अर्धशिशी आम्हाला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळली. शेंदूरजनाघाटला माहेरी ती सगळ्यांना ठाऊक होती; आमच्याकडे कुणी सांगितलं नव्हतं. डाव्या भुवईच्या वर सुरू व्हायचं, मग डोळा, मग मान. तू चेष्टा करायचीस. "आज अर्ध डोकं सुटीवर हाय. भात बी अर्धाच शिजवते." दादा हसायचा. आई म्हणायची, "आमच्या टायमाले कोणाले डोकं होतं दुखाले?" तू म्हणायचीस, "डोकं तं होतं आई, दुखते म्हणून सांगाची सोय नोयती." आई त्यावर गप्प व्हायची. आईला गप्प करणारी आमच्या घरात तू एकटीच.

लग्नानंतर चार वर्षांनी दिवस राहिले. पहिल्या तपासणीला मी तुझ्याबरोबर आले होते, कारण दादाच्या शाळेत त्या दिवशी परीक्षा होती. डॉक्टरीणबाईंनी तुझी नेहमीची अर्धशिशीची गोळी बंद केली. ती या दिवसांत चालत नाही म्हणाल्या. पहिले तीन महिने डोकं जास्त दुखू शकतं, घाबरू नकोस, फारच झालं तर साधी पॅरासिटामॉल घे आणि मला फोन कर, असंही म्हणाल्या. हे मी ऐकलं का? मी खोलीत होते. पण त्या वेळी मी दुसराच विचार करत होते. आमच्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीची जबाबदारी माझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते आणि मला लेख हवे होते. निघताना मी बाईंना विचारलं, याच विषयावर लिहाल का? त्यांनी चार दिवसांत लिहून दिलं. तो लेख तुझ्या डोकेदुखीतून आला होता. तू जिना उतरताना म्हणालीस, "चला, माह्या डोक्याचा कोणाले तं उपेग झाला."

गुरुवारी अकोल्यात, आमच्या दैनिकाच्या कचेरीत, मी पुरवणीचं पान लावायला बसले. लेख लागला होता. मग खालच्या कोपऱ्यात एक जाहिरात आली आणि अकरा ओळी जास्त झाल्या. आमच्या कामात यावर विचार करत नाहीत. बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर असतं, कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली की शेवटून ओळी काढायच्या. पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. मी खालच्या अकरा ओळी न वाचता काढल्या.

डॉक्टर बातमीदारासारखं लिहीत नाहीत. डॉक्टर आधी काय करू नये ते सांगतात आणि मग, शेवटी, काय करावं ते. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

वर राहिलं ते असं: मनाने कुठलीही गोळी घेऊ नये. जुन्या गोळ्या बंद कराव्यात. चहा-कॉफी कमी करावी. उग्र वास, ऊन, जागरण टाळावं. त्यावर मी मथळा दिला: "गोळी नको, धीर हवा". संपादकांना तो आवडला होता.

शनिवारी पुरवणी अमरावतीला पोचली. आईने लेख कापून स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर चिकटवला, हे तू मला नंतर सांगितलंस. त्याच दिवशी तुझा चहा बंद झाला. तू दिवसाचे चार कप पिणारी. रविवारी दुपारपासून डोकं असं दुखायला लागलं की तुला भिंत धरून चालावं लागलं. तू पॅरासिटामॉल काढलीस. आईने हातातून घेतली.

सोमवारी दुपारी तुझा फोन आला. मी कामावर होते. तुझा आवाज बारीक होता, कारण स्वतःच्या आवाजानेही तुला दुखत होतं.

"मीनाताई, एक इचारू का? डॉक्टरीणबाई तोंडानं तं म्हणे, एक गोळी चालते. पेपरात त्याइनंच लिहिलं, नाही म्हणून. आई म्हणते लिहिलेलं खरं. तुमी सांगा, खरं काय हाय?"

मी म्हणाले, "वहिनी, छापलेलं खरं. तोंडी माणूस घाईत काहीही बोलून जातो. लिहिताना विचार करून लिहितो."

"म्हणजे नाही घेऊ?"

"थोडं सहन कर. तीन महिन्यांचाच प्रश्न आहे."

"बरं," तू म्हणालीस. मग म्हणालीस, "तुमाले कामात फोन केला. ठेवते."

त्या संध्याकाळी मी संगणकात मूळ लेख उघडला. का उघडला ते सांगते. तुझ्यासाठी नाही. "तोंडानं तं म्हणे" हे तुझे शब्द डोक्यात राहिले होते आणि बाई तक्रार करतील की काय, ही शंका आली होती. तिथे त्या अकरा ओळी होत्या. चहा एकदम तोडू नये, त्यानेही डोकं दुखतं. एक-दोन कप चालतो. उपाशी राहू नये. उठण्याआधी कोरडं काहीतरी खावं, पाणी घोट घोट पीत राहावं. अंधारी खोली, कपाळावर गार पट्टी. एवढ्याने भागलं नाही तर साधी पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घेता येते. अचानक, आधी कधी नव्हतं इतकं दुखलं, दिसायला धूसर झालं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि शेवटचं वाक्य: सहन करत बसणं हा उपचार नाही.

मी ते दोनदा वाचलं. समोर फोन होता. तुझा नंबर मला पाठ होता.

मी फोन केला नाही. शुद्धिपत्र छापायचं तर संपादकांना सांगावं लागलं असतं, आणि जबाबदारी मिळून जेमतेम महिना झाला होता. हे एक. दुसरं, आई शेजारपाजारी सांगत होती की आमची मीना पेपरात आहे, तिच्या हातून खोटं छापलं जात नाही. तुला फोन करून एक वाक्य बोलायला संपादकांची परवानगी लागत नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. शनिवारी जाईन तेव्हा समोरासमोर सांगू, असं मी ठरवलं. सोमवार ते शनिवार पाच दिवस होतात.

शनिवारी मूर्तिजापूरमार्गे बसने आले. तू मागच्या खोलीत होतीस. खिडकीला जुनी सोलापुरी चादर लावलेली. उशाशी पाण्याची वाटी, तीत रुमाल बुडवलेला. एका हाताला पातेलं, उलटीसाठी. आईने मिक्सर बंद ठेवला होता आणि चटणी पाट्यावर वाटत होती, तीही अंगणात नेऊन, तुला आवाज होऊ नये म्हणून. फोडणीच्या वासाने तुला उमळून येतं म्हणून घरात चार दिवस फोडणीच झाली नव्हती; दादा कच्च्या तेलाचं वरण खात होता. हे लिहायलाच हवं, कारण पुढे आईला जे वाटत राहिलं ते चुकीचं होतं. आईने तुला त्रास दिला नाही. आईने माझ्यावर विश्वास ठेवला.

मी तुझ्या उशाशी बसले. कपाळावर हात ठेवला.

"तुमचा हात थंडा हाय," तू डोळे न उघडता म्हणालीस. "राहू द्या."

मी राहू दिला. सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. घरात दुसरं कुणी ऐकत नव्हतं. मी म्हणाले, "फार दुखतं का गं?" तू म्हणालीस, "नाही बाप्पा, शौक म्हणून झोपून राहिली." आणि हसल्यामुळे पुन्हा कळ आली, तुझे ओठ घट्ट मिटले.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हणाले, मला वाटतं, तिला अर्धा कप चहा देऊन पाहा, एकदम बंद करू नये. मला वाटतं, असं म्हणाले. आईने चहा केला. तासाभराने तू उठून बसलीस, भाकरीचा तुकडा खाल्लास. आई म्हणाली, "पायलं? शिकेल पोरगी घरात असली का असं असते." तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, "देव भलं करो तुमचं, मीनाताई."

गोळीचं मी बोलले नाही. चहा माझी सूचना म्हणून चालून गेला. गोळी मथळ्यातच होती.

त्यानंतर तू आणखी दोन आठवडे काढलेस. चहाने थोडं कमी झालं, पण अर्धशिशी गेली नाही. मला हे फोनवर कळत होतं. दर वेळी मी विचारायचे, "आज कसं?" आणि तू म्हणायचीस, "कालच्यापेक्षा बरं." दादाकडून कळायचं की बरं नाही. एक दिवस तू न्हाणीघरात पडलीस. दादाने शाळा सोडून तुला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अंगातलं पाणी कमी झालं होतं. सलाईन लागलं, गोळी मिळाली. संध्याकाळी तुझा फोन आला. आवाज पूर्वीसारखा होता.

"बरं वाटून राहिलं आता. एक गोळी देली त्याइनं. पोट्टी बी ठीक हाय म्हणे."

"पोट्टी कशावरून?"

"आतापासूनच त्रास देते, म्हणजे नणदेवर गेली असन."

मी खूप हसले. बाईंनी लेखाचं काही काढलं का, हे विचारायचं धाडस झालं नाही. तू काही बोलली नाहीस, म्हणून मी धरून चालले की तुला कळलं नाही. फळीवरचा लेख कधीतरी निघाला. गौरी झाली. धडधाकट, अडीच किलोची. मी पुरवणीवरून पुढे गेले.

मग माझ्यावर वेळ आली. तीन वर्षांनी मला दिवस गेले आणि सातव्या आठवड्यात माझं डोकं धरलं. तुझ्याइतकं नाही, पण मला सवय नव्हती. आईने तुला अकोल्याला पाठवलं. तू गौरीला कडेवर घेऊन आलीस आणि आठ दिवस राहिलीस. उठण्याआधी माझ्या हातात दोन टोस्ट द्यायचीस. "पाय जमिनीवर ठेवाच्या आंधी खा." दर तासाला पाण्याचा पेला आणायचीस आणि रिकामा झाल्याशिवाय हलायची नाहीस. खिडकीला काळं कापड लावलंस. माझ्या नवऱ्याला घरात अगरबत्ती लावायला मनाई केलीस. तो म्हणाला, देवापुढे तरी? तू म्हणालीस, "देवाले वास नाही आला तं देव मरत नाही, भाऊजी." फोडणी द्यायला तू शेजारणीच्या गॅसवर जायचीस आणि झाकलेलं पातेलं घेऊन यायचीस. सकाळी एक कप चहा, दुपारी एक. मी म्हटलं, नको, बंद करते. "बंद नाही कराचा. बंद केला का अजून दुखते."

तिसऱ्या दिवशी दुपारी मला सहन होईना. तू पाकिटातून एक गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवलीस. "घ्या. तुमच्या डॉक्टरले फोन करून इचारलं मी. चालते."

मी गोळीकडे पाहत राहिले. तू पाण्याचा पेला धरून उभी होतीस. गौरी पलंगाखाली चमचा आपटत होती आणि तू तिला दटावलंस, "आत्याचं डोकं दुखते न."

मी गोळी घेतली. चाळीस मिनिटांनी कळ गेली. चाळीस मिनिटं. तुला मी तीन आठवडे दिले होते.

त्या दिवशी तरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "थँक्यू वहिनी." तू म्हणालीस, "काहून बाई, इंग्रजीत काहून?"

पुढे आपण कितीतरी गोष्टींवर भांडलो. गौरीची शाळा, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, दादाची बदली. माझ्या पेपरवरून तर नेहमीच. तू पेपर उलटा वाचायचीस, प्रत्येक बातमीचा शेवट आधी. मी म्हणायचे, ही काय पद्धत? तू म्हणायचीस, "वरचं तं टीव्हीवाले बी सांगते. खालीच काही राहून जाते." मला ती तुझी एक तऱ्हा वाटली. मी ती कामावर गंमत म्हणून सांगितलीही.

दहाव्याला, सगळं आटोपून घाटावरून परत येताना, दादा माझ्या बाजूला चालत होता. आई आदल्या रात्रीपासून एकच वाक्य बोलत होती: पोरीले मी गोळी नाही खाऊ देली, तीन हप्ते. लोकांना वाटत होतं की म्हातारी या शेवटच्या आजाराबद्दलच काहीतरी चुकीचं बोलते आहे. मी दादाला म्हटलं, आईला समजाव, किती जुनी गोष्ट आहे. दादाने चाल हळू केली. मग म्हणाला,

"आईची चुकी नोयतीच न ते. तिले माईत होतं."

"कुणाला?"

"तुह्या वहिनीले. डॉक्टरीणबाईनं दवाखान्यात आपला लिहिलेला कागद दाखवला तिले. खालचं सगळं होतं त्याच्यावर. बाई लय भडकल्या होत्या, पेपरवाल्याइले फोन करतो म्हणे. हिनं हात जोडले त्याइले. माह्या नणदेची नवी जागा हाय, म्हणे, नोका करू."

मी थांबले. दादा दोन पावलं पुढे गेला आणि परत आला.

"आईले बी हिनंच सांगतलं का माह्याच वाचण्यात चुकी झाली म्हणून. मले शपथ घातली, मीनाले सांगू नोको. आता ती नाही, म्हणून सांगून राहिलो."

म्हणजे अकोल्यात माझ्या तळहातावर गोळी ठेवताना तुला सगळं माहीत होतं. माझ्या हातून कापल्या गेलेल्या ओळी तू एकेक करून माझ्यावर वापरल्या होत्यास: टोस्ट, पाणी, काळं कापड, चहा, गोळी. मी बातम्या तपासण्याचं काम करते आणि दहा वर्षांत मला ते दिसलं नाही. तू माझी वाट पाहत होतीस का, हे मला माहीत नाही. तू मला माफ केलं होतंस की फक्त बाजूला ठेवलं होतंस, हेही माहीत नाही. याचा अंदाज मी करणार नाही. माझ्या सोयीचाच निघेल.

आईला मात्र मी सांगायचं ठरवलं. तिने तुझं म्हणणं कधी पूर्ण मानलं नव्हतं. वाचण्यात चूक सुनेची असली तरी गोळी हातातून आपण काढून घेतली, हे तिच्या मनातून गेलं नव्हतं. तेरवीनंतर पाहुणे गेले. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. दादा आणि गौरी आत भांडी आवरत होते. मी समोर बसले आणि सांगितलं. जाहिरात, अकरा ओळी, मथळा, तुझा सोमवारचा फोन. माझं उत्तर. संध्याकाळी मूळ लेख वाचला तेही. चहा मला सुचला नव्हता, लेखात होता, हेही. काही गाळलं नाही.

आईचा हात ताटात थांबला. आत भांड्यांचा आवाज बंद झाला होता. गौरी ऐकत असावी.

"तिले सांगतलं होतं का हे तू?" आईने विचारलं.

"नाही."

"एकडाव बी?"

"नाही."

"मंग मले काहून सांगतं? मी मोकळी व्हावं म्हणून का तू मोकळी व्हावं म्हणून?"

आईने ताट मांडीवरून खाली ठेवलं.

"तिले सांग."

"आई, ती नाही आता."

"माईत हाय मले ती नाही ते," आई म्हणाली. "तरी तिलेच सांग. माह्याजवळ माफी नाही त्याची. मी तं तुह्याच बाजूनं होती."

मग ती उठली, आत गेली, आणि त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

म्हणून हे तुला लिहिते आहे. वहिनी, ओळी मी कापल्या, न वाचता. मथळा माझा होता. तू विचारलंस तेव्हा मी चुकीचं सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी बरोबर काय ते मला कळलं. तुझा नंबर मला पाठ होता. मी फोन केला नाही.